व्हॅनमधील वातानुकूलन व हीटर यंत्रणेची दुरुस्ती

व्हॅनमधील वातानुकूलन व हीटर यंत्रणेची दुरुस्ती म्हणजे प्रवासी व्हॅनच्या आतील हवा थंड, गरम व कोरडी करणाऱ्या यंत्रणेतील बिघाड ओळखणे, सुटे भाग स्वच्छ करणे किंवा बदलणे आणि यंत्रणेत प्रशीतक योग्य प्रमाणात भरणे ही कामे होत. प्रशीतकाला बोलीभाषेत ‘गॅस’ म्हणतात. यातील तपासणी, स्वच्छता आणि विद्युत जोडणीची बरीच कामे वाहनमालक किंवा चालक स्वतः करू शकतो. प्रशीतकाचे बंदिस्त मंडल उघडण्याच्या कामासाठी मात्र विशेष साधने व प्रशिक्षण आवश्यक असते.

प्रशीतक हे इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. ते बंद मंडलात पुनःपुन्हा फिरत राहते. त्यामुळे ‘गॅस संपला’ या निदानाचा खरा अर्थ गळती झाली असा होतो. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरल्यास खर्च वाढतो, वंगणतेल कमी होऊन कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो आणि हरितगृह वायू वातावरणात सुटतो.

== रचना व कार्य ==

=== वातानुकूलन ===

व्हॅनमधील वातानुकूलन यंत्रणा घरगुती फ्रिजच्याच तत्त्वावर, म्हणजे बाष्प-संपीडन चक्रावर चालते. तिचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत:

* कॉम्प्रेसर – इंजिनावरील पट्ट्याने फिरणारा हा पंप प्रशीतकाच्या बाष्पाचा दाब व तापमान वाढवतो. बहुतेक रचनांमध्ये त्याच्या पुलीवर विद्युतचुंबकीय क्लच असतो.
* कंडेन्सर – या जाळीदार भागातून उष्णता बाहेरच्या हवेत जाते व प्रशीतक द्रवरूप होते.
* ड्रायर – प्रशीतकातील ओलावा व कचरा रोखून धरतो.
* एक्सपान्शन व्हॉल्व्ह – याच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना द्रवाचा दाब एकदम उतरतो.
* कूलिंग कॉइल – डॅशबोर्डच्या आत असलेल्या या कॉइलमध्ये प्रशीतक उकळते व ब्लोअरने ढकललेल्या हवेतील उष्णता शोषून घेते. हवेतील बाष्प कॉइलवर जमून निचरा नळीतून खाली ठिबकते.

सध्याच्या बहुसंख्य जुन्या व्हॅनमध्ये वापरात असलेले आर-१३४ए हे प्रशीतक सामान्य वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअस तापमानाला उकळते. इंजिन बंद असताना व सर्व भाग ४० अंश तापमानाला असताना मंडलातील दाब सुमारे ९ बार असतो. बाहेर ४० अंश तापमान असताना यंत्रणा सुरू असल्यास उच्चदाब बाजूला तो याहून बराच वर चढतो. घरच्या साधनांनी नळ्या सैल करणे धोकादायक का ठरते, हे या आकड्यांवरून लक्षात येते.

=== हीटर ===

हीटरसाठी वेगळे इंधन लागत नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या गरम कूलंटचा काही भाग डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरसारख्या हीटर कॉइलमधून फिरवला जातो व त्यावरून जाणारी हवा गरम होते. ही हवा आत किती सोडायची हे पाण्याच्या व्हॉल्व्हने किंवा मिश्रण झडपेने ठरते. ही झडप तारेने अथवा छोट्या मोटरने हलते. म्हणजेच ब्लोअर, हवेच्या वाहिन्या व झडपा दोन्ही यंत्रणांना सामाईक असतात. उष्णता वाहून नेणारी मंडले मात्र पूर्णपणे वेगळी असतात.

== पार्श्वभूमी ==

कारखान्यातच बसवलेली वातानुकूलन यंत्रणा मोटारीत देण्याची सुरुवात अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या सुमारास केली. भारतात मारुती कंपनीची छोटी व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली. पुढे ती ओम्नी या नावाने ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०१० मध्ये आलेल्या ईको या व्हॅनच्या काही आवृत्त्यांत वातानुकूलन कारखान्यातूनच मिळू लागले. मोठ्या प्रवासी व्हॅनमध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आणि टाटा विंगर ही वाहने महाराष्ट्रात परिचित आहेत. वाहनांच्या वातानुकूलनाचे सुटे भाग देशात बनवणारी सुब्रोस ही कंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली.

== छत्रपती संभाजीनगर परिसरातील परिस्थिती ==

छत्रपती संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व हवा कोरडी असते. वेरूळ व अजिंठा लेण्यांसाठी पर्यटक याच शहरातून प्रवास करतात. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर उभी करावी लागतात व पुढचा प्रवास बसने होतो. त्यामुळे पर्यटक-व्हॅन दिवसाचे अनेक तास उन्हात उभ्या असतात. उस्मानपुरा भागात १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकवले जाणारे प्रशीतन चक्र हेच व्हॅनच्या दुरुस्तीचे मूळ शास्त्र होय.

या हवामानाचा दुरुस्तीवर तीन प्रकारे परिणाम होतो.

पहिला परिणाम कंडेन्सरशी संबंधित आहे. बाहेरची हवा जितकी तप्त, तितका कंडेन्सरवरील भार अधिक. जाळीत धूळ, सुकी पाने किंवा किडे साचल्यास हिवाळ्यात न जाणवणारा दोष मे महिन्यात उघड होतो.

दुसरा परिणाम निचऱ्याशी निगडित आहे. कोरड्या उन्हाळ्यात हवेत बाष्प कमी असल्याने व्हॅनखाली पाणी फारसे ठिबकत नाही. हा बिघाड नव्हे. पावसाळ्यात मात्र पाणी ठिबकत नसेल आणि पायाखालची चटई ओली होत असेल, तर निचरा नळी तुंबलेली असते.

तिसरा परिणाम मापनाचा आहे. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात स्थितीत व्हॅक्यूम गेजचा काटा सुमारे २९.९ इंच दाखवतो. या शहराच्या उंचीवर वातावरणाचा दाबच कमी असल्याने तो साधारण २८ इंचांच्या पुढे जात नाही. समुद्रसपाटीसाठी छापलेल्या तक्त्यावर विसंबल्यास पंप चांगला असूनही सदोष वाटू शकतो.

व्हॅनच्या बांधणीमुळेही भार वाढतो. ओम्नी व ईकोमध्ये इंजिन पुढच्या आसनांखाली असते. इंजिनावरील झाकणाची रबरी पट्टी फाटल्यास गरम हवा व इंजिनचा धूर थेट आत येतो. काचांचे क्षेत्रफळ जास्त असते आणि सरकता दरवाजा वारंवार उघडला जातो. मोठ्या व्हॅनमध्ये मागच्या प्रवाशांसाठी दुसरी कूलिंग कॉइल असते. तिथवर जाणाऱ्या लांब नळ्या व जास्तीचे सांधे यांमुळे गळतीच्या जागाही वाढतात.

== बिघाडाची लक्षणे व निदान ==

भाग बदलण्याआधी लक्षणांवरून कारण निश्चित करणे आवश्यक असते. नेहमी आढळणारी लक्षणे व त्यांची संभाव्य कारणे अशी:

* हवाच कमी येते – केबिन फिल्टर तुंबणे, ब्लोअरची मोटर मंदावणे, कॉइलवर धूळ किंवा बर्फ जमणे.
* ब्लोअर फक्त सर्वांत जास्त वेगावर चालतो – ब्लोअरचा रेझिस्टर जळणे.
* धावताना थंड, सिग्नलवर कोमट – कंडेन्सरचा पंखा बंद असणे किंवा जाळी तुंबणे. महामार्गावर वाऱ्यामुळे कंडेन्सर थंड राहतो. जालना रस्त्यावरील सिग्नलवर वाहन थांबताच उणीव जाणवते.
* क्लच लागत नाही – फ्यूज, रिले, दाबदर्शक स्विच किंवा क्लचच्या वेटोळ्यातील दोष. अथवा गळतीमुळे दाब उतरल्याने सुरक्षा स्विचने कॉम्प्रेसर थांबवणे.
* क्लच लागतो, नळ्या थंड होतात, पण हवा कोमटच – हीटरचा व्हॉल्व्ह किंवा मिश्रण झडप गरम बाजूला अडकणे.
* हीटर गरम होत नाही – कूलंट कमी असणे, हवेचा अडथळा, हीटर कॉइल तुंबणे किंवा थर्मोस्टॅट उघडा राहणे.
* काचेवर आतून तेलकट धुके व गोडसर वास – हीटर कॉइलमधून कूलंटची गळती.
* कुबट वास – कूलिंग कॉइलवर बुरशी येणे.

कोमट हवेचे हीटरशी निगडित कारण उष्ण प्रदेशात हमखास नजरेआड होते. उन्हाळ्यात हीटर वापरत नसल्याने त्याचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिल्याचे लक्षात येत नाही आणि विनाकारण गॅस भरला जातो. तपासणीसाठी थंड इंजिन सुरू करून ते तापेपर्यंत हीटरकडे जाणाऱ्या नळीवर लक्ष ठेवतात. नियंत्रण ‘थंड’ वर असूनही व्हॉल्व्हच्या पलीकडची नळी तापू लागली, तर दोष तिथे आहे असे समजावे. ज्या व्हॅनमध्ये असा व्हॉल्व्ह नसतो, तिच्यात नळी नेहमीच तापते. तिथे मिश्रण झडप व तिची तार तपासावी लागते.

चटई ओली झाल्यास पाण्याचे स्वरूप पाहतात. स्वच्छ व वास नसलेले पाणी निचरा नळीकडे निर्देश करते. रंगीत, बुळबुळीत व गोडसर वासाचे असल्यास ते कूलंट असते.

== स्वतः करण्याजोगी कामे ==

=== फिल्टर व हवेचा मार्ग ===

केबिन फिल्टर असल्यास तो बहुधा डॅशबोर्डच्या डाव्या खणामागे असतो. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये तो उन्हाळ्यापूर्वी तपासणे योग्य ठरते. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये. फिल्टर नसलेल्या जुन्या व्हॅनमध्ये धूळ थेट कॉइलवर बसते.

=== कंडेन्सरची स्वच्छता ===

इंजिन बंद व थंड असताना जाळीतील कचरा मऊ ब्रशने काढावा. नंतर कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेरच्या दिशेने जाळी धुवावी. सर्व्हिसिंग केंद्रातील उच्चदाबाच्या फवाऱ्याने नाजूक पाती दुमडतात व हवेचा मार्ग कायमचा अडतो. दुमडलेली पाती बारीक फणीसारख्या साधनाने सरळ करता येतात. स्वच्छतेनंतर वातानुकूलन सुरू करून पंखा फिरतो की नाही हे पाहावे.

=== विद्युत तपासणी ===

साधा मल्टिमीटर यासाठी पुरेसा असतो. प्रथम फ्यूज पाहावा; जळलेला फ्यूज त्याच क्षमतेच्या फ्यूजने बदलावा. तो पुन्हा जळल्यास अधिक क्षमतेचा फ्यूज बसवणे हा उपाय नव्हे, कारण त्याने तारा तापून आग लागू शकते. रिले तपासण्यासाठी त्याच प्रकारचा दुसरा चालू रिले तात्पुरता लावून पाहतात. १२ व्होल्ट क्लचच्या वेटोळ्याचा रोध साधारणतः ३ ते ५ ओहम असतो. मीटर अनंत रोध दाखवत असल्यास वेटोळे तुटलेले असते.

दाबदर्शक स्विचच्या तारा एकमेकींना जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवण्याची पद्धत हानिकारक आहे. कॉम्प्रेसरचे वंगणतेल प्रशीतकासोबतच फिरते. गॅस नसताना तेलही परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

=== निचरा नळी व पट्टा ===

तुंबलेली निचरा नळी वाहनाखालून मऊ तार किंवा हलक्या हवेने मोकळी करता येते. कॉम्प्रेसरचा पट्टा भेगाळलेला, चकाकणारा किंवा सैल असल्यास तो बदलावा अथवा ताणावा. हे काम करताना इंजिन बंद व चावी काढलेली असावी.

=== हीटर व कूलंट ===

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. गरम कूलंट दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उसळून गंभीर भाजू शकते. कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराचे असावे; ते संहत स्वरूपात असल्यास डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वापरल्यास हीटर कॉइलच्या अरुंद नळ्यांत क्षार साचतात. कूलंट भरल्यावर हीटरचे नियंत्रण ‘गरम’ वर ठेवून इंजिन चालवतात, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडते.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत दिसते. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन जास्त लागते व हीटर निष्प्रभ होतो. हिवाळ्याच्या पहाटे आतून धुरकटलेली काच स्वच्छ करण्यासाठी गरम हवा लागते. म्हणून उष्ण प्रदेशातही हीटर निरुपयोगी नसतो. हीटर व वातानुकूलन एकत्र चालवल्यास कूलिंग कॉइल हवेतील ओलावा काढते आणि काच लवकर स्वच्छ होते.

== गळतीचा शोध ==

प्रशीतकासोबत थोडे तेलही बाहेर पडते व त्यावर धूळ चिकटते. त्यामुळे सांध्यावरचा काळपट, तेलकट डाग हा गळतीचा पहिला पुरावा असतो. कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील, नळ्यांचे सांधे, गॅस भरण्याचे व्हॉल्व्ह आणि दगड लागून छिद्र पडलेला कंडेन्सर या नेहमीच्या जागा होत.

संशयित सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहता येतात. ही चाचणी इंजिन बंद असताना करावी. त्या वेळी दोन्ही बाजूंचा दाब समान होतो आणि एरवी कमी दाब असलेल्या बाजूची गळतीही दिसते. अतिशय मंद गळतीसाठी गॅरेजमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग किंवा इलेक्ट्रॉनिक शोधक वापरतात. रिकाम्या मंडलाच्या चाचणीसाठी रेग्युलेटर लावलेला कोरडा नायट्रोजन वापरला जातो. त्याऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

पूर्वी आर-१२ ची गळती ज्योतीच्या रंगबदलावरून शोधत असत. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसल्याने ती पद्धत लागू पडत नाही. शिवाय ज्योतीच्या संपर्कात प्रशीतकापासून विषारी वायू तयार होतात. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या व्हॅनजवळ ज्योत नेणे तर प्राणघातक ठरू शकते.

== प्रशीतक काढणे व भरणे ==

हे काम सुसज्ज गॅरेजमध्ये करणे योग्य ठरते. ग्राहकाला प्रक्रिया माहीत असल्यास तो कामाची योग्य तपासणी करू शकतो. योग्य क्रम असा:

# उरलेले प्रशीतक यंत्राने बाटलीत जमा करणे. ते हवेत सोडू नये.
# गळका भाग व उघडलेल्या सांध्यांच्या ओ-रिंग बदलणे. मंडल दीर्घकाळ उघडे राहिले असल्यास ड्रायरही बदलणे.
# बदललेल्या भागानुसार निर्दिष्ट प्रकारचे तेल घालणे. आर-१३४ए सोबत बहुधा वापरले जाणारे पॅग तेल हवेतील ओलावा वेगाने शोषते; म्हणून त्याचा डबा उघडा ठेवू नये.
# व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवणे. निर्वातात पाणी सामान्य तापमानालाच उकळून बाहेर निघते.
# पंप बंद करून काटा स्थिर राहतो का हे पाहणे. काटा मागे सरकल्यास गळती किंवा ओलावा शिल्लक असतो.
# बॉनेटखालील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या वजनाइतके प्रशीतक काट्यावर मोजून भरणे.

केवळ गेजवरील दाब पाहून गॅस भरणे अचूक नसते, कारण दाब बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलतो. प्रमाणापेक्षा जास्त गॅस भरल्यास थंडावा वाढत नाही. उच्चदाब बाजूचा दाब चढून थंडावा घटतो व कॉम्प्रेसरवर ताण येतो.

घरगुती एसीसाठीचा आर-२२ वाहनात भरू नये. त्याचे दाब वेगळे असतात व तो वाहनाच्या यंत्रणेतील तेलाशी जुळत नाही. प्रोपेन किंवा ब्युटेनयुक्त स्वस्त मिश्रणे ज्वलनशील असतात. अशा यंत्रणेसाठी न बनवलेल्या व्हॅनमध्ये कूलिंग कॉइल गळाल्यास हा वायू प्रवाशांच्या बंदिस्त जागेत साचतो.

== सुरक्षितता ==

* द्रव प्रशीतक त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास हिमदंश होतो. चष्मा व हातमोजे वापरावेत. प्रशीतकाची बाटली उन्हात किंवा ज्योतीने तापवू नये.
* बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीची चाचणी घेऊ नये. इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. उभ्या व्हॅनमध्ये एसी लावून झोपणे याच कारणाने जीवघेणे ठरते. इंजिन आसनांखाली असलेल्या व्हॅनमध्ये झाकणाची पट्टी सुस्थितीत असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.
* विद्युत पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. काम करताना बॅटरीची ऋण तार काढावी. डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी एअरबॅगसंबंधी उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात.
* इथिलीन ग्लायकॉलयुक्त कूलंट विषारी व चवीला गोड असते. सांडलेले कूलंट लहान मुले व जनावरांपासून दूर ठेवून लगेच पुसावे.
* उन्हात उभ्या बंद वाहनातील तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांहूनही अधिक वाढू शकते. मूल किंवा वृद्ध व्यक्तीला थोड्या वेळासाठीही आत ठेवू नये.

== पर्यावरण व नियमन ==

जुन्या वाहनांतील आर-१२ हे प्रशीतक ओझोन थराला हानी पोहोचवते. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. त्याची जागा घेणाऱ्या आर-१३४ए ने ओझोनला इजा होत नसली, तरी शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट मानली जाते. म्हणजे अर्धा किलो गॅस सुटल्यास सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो.

२०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंच्या वापरात घट करण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. भारतासाठी वापर गोठवण्याचे वर्ष २०२८ असून २०४७ पर्यंत ८५ टक्के घट अपेक्षित आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या शीतलन कृती आराखड्यात वाहनांच्या वातानुकूलनाचाही विचार केलेला आहे. युरोपीय संघात २०१७ पासून नव्या मोटारींत आर-१३४ए वापरता येत नाही. तिथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ वापरले जाते. हे नवे प्रशीतक सौम्य ज्वलनशील असून त्यासाठी वेगळी साधने लागतात. ते व आर-१३४ए एकमेकांत मिसळू नयेत.

== प्रतिबंधक देखभाल ==

हिवाळ्यात व पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा काही मिनिटे वातानुकूलन चालवल्यास तेल मंडलात फिरते व कॉम्प्रेसरचे सील कोरडे पडत नाही. उन्हात तापलेल्या व्हॅनमध्ये प्रथम काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी आणि नंतर आतलीच हवा फिरवण्याचा पर्याय निवडावा. लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवाही आत घ्यावी. मुक्कामापूर्वी काही मिनिटे क्लच बंद करून नुसता ब्लोअर चालवल्यास कॉइल सुकते व कुबट वास टळतो. गॅस भरल्याची तारीख, वजन व बदललेले भाग यांची नोंद वाहनात ठेवल्यास पुढच्या वेळी गळती किती वेगाने होत आहे याचा अंदाज येतो.

== हे सुद्धा पहा ==

* प्रशीतन
* वातानुकूलन
* अंतर्ज्वलन इंजिन
* मॉन्ट्रियल करार
* ओझोन थर